इंजिन उघडण्याआधी आवाज ऐकणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

चेंबूरच्या तुमच्या गाळ्यात 2003 सालच्या स्प्लेंडर मोटरसायकलच्या इंजिनाच्या खडखडीचं काम झालं, तेव्हा तोंडी आभार मानले होतेच. पण तुम्ही तो आवाज ज्या क्रमाने शोधलात, तो क्रम चार लोकांच्या हाती पडावा असं मनापासून वाटतं. मुंबईत आजही कितीतरी जणांचं पोट अशाच जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांवर चालतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

इंजिन खडखडतंय म्हटलं की बऱ्याच ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: हाफ इंजिनला आलंय (म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलायचा), ब्लॉक म्हणजे पिस्टनचा सिलिंडर उतरवा, बोअर मारून, म्हणजे तो आतून कापून थोडा मोठा करून, नवा पिस्टन टाका. या गाडीलाही एका ठिकाणी तेच सांगितलं होतं, तेही गाडी चालू न करता. तुम्ही आधी तीन गोष्टी विचारल्यात. आवाज थंड इंजिनला जास्त येतो की गरम झाल्यावर? रेस देताना येतो की सोडताना? क्लच दाबल्यावर त्यात फरक पडतो का? या तीन उत्तरांवर निम्मं निदान होतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मग तुम्ही इंजिनाबाहेरचे आवाज एकेक करून बाद केलेत, त्याबद्दल पहिले आभार. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातले खड्डे यांनी इंजिन माउंटिंगचे बोल्ट ढिले होतात, आणि तिथला हादरा थेट इंजिनातून आल्यासारखा वाटतो. सायलेन्सरवरची जाळी, लेगगार्डचे क्लॅम्प, चेन कव्हर, नंबर प्लेट, हॉर्नची पट्टी असं सगळं तुम्ही चालू गाडीवर कापडाने दाबून पाहिलंत. दाबल्यावर आवाज थांबला तर रोग तिथेच. थंड सायलेन्सरला मुठीने ठोकून आतली जाळी सुटली आहे का तेही ऐकलंत. हेडजवळ, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाजवळ, सायलेन्सर जिथे बसतो त्या फ्लँजचे दोन नट मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. तिथलं पॅकिंग गेलं की निसटणारा धूर हुबेहूब टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागासारखा) टिकटिकतो. तिथे काजळीचा काळा पट्टा दिसला की समजायचं. मागच्या चाकाच्या चेनचा झोलही तेव्हाच मोजलात. या गाडीला 20 ते 30 मि.मी. हवा. त्याहून जास्त असेल तर चेन कव्हरला घासते आणि खडखड इंजिनाच्या नावावर जाते.

स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, नीट केल्याशिवाय तुम्ही पुढे गेला नाहीत, हेही महत्त्वाचं. स्लो 1400 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) बराच खाली असेल तर धडधाकट इंजिनही खडखडतं. कारण दर स्फोटाला क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, झटका खातो आणि गियरच्या दातांमधली नेहमीची मोकळीक वाजू लागते.

त्यानंतर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. हेडवरची टॅपेटची झाकणं, ब्लॉकचा खालचा भाग, डावीकडचं मॅग्नेटचं (वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाचं) कव्हर, उजवीकडचं क्लच कव्हर, क्रँककेस, प्रत्येक जागी थोडं थांबून. बाह्या वर आणि चेनपासून लांब, हे तुम्ही तुमच्याकडे काम शिकणाऱ्या पोराला दोनदा बजावलंत. आवाज सगळीकडे पसरतो खरा, पण मूळ जागी तो कोरडा आणि टोकदार लागतो. या गाडीत तो डाव्या बाजूला, मॅग्नेट कव्हरपासून ब्लॉकच्या कडेने वर हेडपर्यंत लागत होता. क्रँकवरून हेडमधल्या कॅमला फिरवणारी स्प्लेंडरची टायमिंग चेन डाव्या बाजूनेच जाते.

आवाजाची चालही तुम्ही समजावलीत. कॅम, म्हणजे टॅपेट हलवणारा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 1400 आरपीएमला क्रँक सेकंदाला साधारण 23 फेरे घेतो आणि एक टॅपेट साधारण 12 वेळा उघडतो. म्हणून टॅपेटची टिकटिक नेमकी आणि विरळ असते, खालचा आवाज दाट असतो. कान तयार झाला की हेडचा आवाज आणि क्रँकचा आवाज एवढ्यावरूनच वेगळे पडतात.

क्लच दाबला तरी आवाज तसाच राहिला, म्हणजे क्लच हाउसिंगवरचा (क्लच प्लेटी बसतात त्या वाटीवरचा) संशय गेला. हाउसिंगचे रिव्हेट किंवा आतल्या स्प्रिंग सैल झाल्या असत्या तर न्यूट्रलमधली खडखड क्लच दाबताच बदलली किंवा थांबली असती. पिस्टनचं म्हणाल, तर घासलेला पिस्टन थंड इंजिनाला जास्त बडबडतो आणि फुगल्यावर मिनिट-दोन मिनिटांत शांत होतो. रिंगही गेल्या असतील तर सोबत निळा धूर आणि ऑइलची घट येते. इथे नेमकं उलट होतं. सायन सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून ऑइल पातळ झालं की आवाज वाढत होता, धूर नव्हता, किकला दाब भरपूर होता. बिग एंडचा, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा, आवाज जड असतो, ठक-ठक असा, लोडवर वाढणारा, आणि पायाच्या रेस्टपर्यंत जाणवणारा. तो असता तर गाडी चालवूच नका असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. कनेक्टिंग रॉड तुटला तर क्रँककेस फुटते, मागचं चाकही अडकू शकतं. तिथे ‘चालतंय तोवर चालवू’ हा विचार जिवावर बेततो.

घोडबंदरच्या गायमुख घाटात चौथ्या गियरमध्ये रेटल्यावर जी किणकिण होते, ती निराळी. तो पेट्रोल भलत्या वेळी पेटण्याचा आवाज: हेडमध्ये साचलेला कार्बन, हवा खेचणारा इनटेक पाइप, नाहीतर भेसळीचं पेट्रोल. तिथे आधी गियर उतरवायचा, मग कारण शोधायचं.

आता टॅपेट. गाडी तुम्ही रात्रभर ठेवून घेतलीत आणि सकाळी सावलीतच झाकणं उघडलीत. टॅपेटचं माप, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट, थंड इंजिनावर घ्यायचं असतं, 35 अंशांच्या खाली. मे महिन्यात मुंबईच्या उन्हात उभी असलेली गाडी चालू न करताही त्याच्या वर जाते. मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवलीत आणि दोन्ही टॅपेट बोटाने हलतात का ते पाहिलंत. हलत नसतील तर पिस्टन वर आहे खरा, पण चुकीच्या फेऱ्यात, म्हणजे आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. या गाडीला दोन्हीकडे 0.05 मि.मी. लागतं. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी हलकी ओढ देत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो आणि माप बिघडतं, म्हणून आवळून झाल्यावर तुम्ही पुन्हा मोजलंत. ‘टॅपेट बारीक वाजला तर चालतो, मुका झाला तर वाईट’ हे तुमचं वाक्य प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करावं. अंदाजाने आवळून आवाज बंद करणारे बरेच भेटतात. गिऱ्हाईक खूश होतं, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, सीटला उष्णता देऊ शकत नाही आणि काही महिन्यांत जळतो.

टॅपेट मापात बसले, तरी रेस सोडताना येणारी खर्र अशी खडखड राहिलीच. तेव्हा तुम्ही टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर बोट ठेवलंत. रेस देऊन सोडली की चेनवरचा ताण क्षणभर सुटतो, आणि टेन्शनर कमजोर असेल तर सैल चेन ती ज्यातून जाते त्या बोगद्याच्या भिंतीला आपटते. म्हणून हा आवाज सोडताना जास्त. स्प्लेंडरला टेन्शनर आवळायचा बाहेरचा स्क्रू नाही. इंजिनाच्या तळाशी डावीकडे एक सीलिंग बोल्ट, त्याच्या वर स्प्रिंग, तिच्यावर पुश रॉड, आणि तो रॉड चेनला टेकणाऱ्या रोलरच्या आर्मला खालून रेटतो. रॉडमध्ये भरलेलं ऑइल धक्का जिरवतं. ऑइल कमी किंवा मळकं असेल तर रॉडमधली वाट तुंबते आणि सगळा भार एकट्या स्प्रिंगवर येतो. आधी ऑइल काढून मगच तो बोल्ट खोललात, नाहीतर गरम ऑइल थेट हातावर.

रॉड बाहेर आला तेव्हा तुम्ही तो पांढऱ्या कापडावर ठेवलात. टोकावरचं रबर दगडासारखं कडक झालेलं, एका बाजूने चपटं, मधोमध आर्मचा खोल वण. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केलीत तर डोळ्यांना दिसेल एवढी आखूड. सगळा रोग त्या कापडावर होता.

तरीही नुसता रॉड बदलून तुम्ही थांबला नाहीत. मॅग्नेट पुलर लावूनच काढलात. हातोडी मारली तर क्रँकचे आटे आणि आतले चुंबक दोन्ही जातात. चेन ताणलेली होती, रोलरचं रबर झिजलेलं होतं. चेन, दोन्ही रोलर, रॉड, स्प्रिंग आणि वॉशर एकत्रच टाकलेत, कारण जुन्या चेनवर नवा रोलर लवकर खातो. कॅम स्प्रॉकेटची (कॅमच्या दातेरी चाकाची) खूण हेडच्या खुणेशी आणि मॅग्नेटची टी खूण केसच्या खुणेशी जुळवून इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलंत, मग किक. एक दात जरी इकडेतिकडे झाला तर पिकअप मरतो आणि गाडी सुरू व्हायला रडते.

उजवं कव्हर उघडून ऑइलची जाळी आणि फिरता फिल्टरही धुतलात, त्याचे वेगळे आभार. लोक ऑइल बदलतात, तो फिल्टर वर्षानुवर्षं उघडत नाहीत. आतल्या गाळात चमकणारे कण दिसले तर बेअरिंगचा विचार करावा लागतो. इथे नुसता काळा गाळ निघाला, आणि क्रँक शाबूत असल्याची खात्री तिथे झाली. मग 10डब्ल्यू30 ऑइल पाऊण लिटरच्या आसपास ओतून बाकीचं डिपस्टिकवर: गाडी मधल्या स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालवून बंद, तेवढाच वेळ थांबून, आणि पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून. आटे फिरवून मोजली तर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि इंजिन उपाशी राहतं.

सामान कुठून घ्यायचं तेही रोखठोक सांगितलंत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना साइड पॅनल, फूटरेस्ट खुशाल घ्या, पण टायमिंग चेन, रोलर, टेन्शनर कधीच जुने नाहीत, आणि नवेही सीलबंद पाकिटातलेच. काढलेला प्रत्येक भाग तुम्ही पिशवीत घालून परत दिलात. एवढा चोख व्यवहार क्वचित बघायला मिळतो.

ब्लॉक जागेवर राहिला, कंपनीचा मूळ पिस्टन आत राहिला, आणि बोअरचा खर्च वाचला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्याकडचा पोरगा हे सगळं शेजारी उभा राहून शिकत होता आणि तुम्ही त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन ‘तू सांग कुठे वाजतंय’ असं विचारत होता. त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

एक काम राहिलंय. ब्लॉकच्या डावीकडच्या रोलर बोल्टपाशी ऑइलचा किंचित ओलावा दिसतो. पुसून पाहिलं, थेंब धरत नाही. पुढच्या ऑइलच्या वेळी वॉशर बदलून घेऊ. नवं वॉशर आणून ठेवलंय.

आपला कृतज्ञ,
लाल स्प्लेंडरवाला, गोवंडी