पेटीवर प्लॉटचा नंबर आहे, टोळीचं नाव कुठंय? मा. कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार. हे पत्र भावाबद्दल नाहीये, म्हणजे थोडं आहे, ते पुढे येईलच, पण मुख्य विषय टोळीचा. पेठ, सुरगाणा, हरसूल, थोडे गुजरातच्या डांगकडचे असे जे मजूर ऑक्टोबर छाटणीला येतात आणि हार्वेस्टिंग उरकेपर्यंत आमच्या बागांच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात, त्यांचा.

आमचा माल युरोपला जातो. ग्रेपनेटवर, म्हणजे एक्सपोर्टच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाईन नोंदवहीत, प्रत्येक प्लॉटची नोंदणी असते, फवारणीची डायरी असते, लॅबवाले येऊन सॅम्पल नेतात, आणि रॉटरडॅमला एखाद्या पेटीत काही सापडलं तर ती नाशिकच्या कुठल्या गावातल्या कुठल्या प्लॉटची हे बसल्या जागी निघतं. २०१० ला सीसीसी ह्या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या रेसिड्यूवरून, म्हणजे मालात राहिलेल्या अंशावरून, कंटेनर अडकले तेव्हा सगळ्या द्राक्षपट्ट्याची झोप उडाली होती, नंतर सिस्टीम अजून टाईट झाली, चांगलंच झालं. पण त्याच पेटीतल्या घडाची विरळणी कोणी केली, घड औषधात बुडवायचं डिपिंग कोणी केलं, त्या बाईला हजेरी किती पडली, हे विचारा कुणालाही, एका कागदावर सापडणार नाही.

पेस्टचंच घ्या. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, म्हणजे हायड्रोजन सायनामाईड. बोळा बुडवायचा आणि डोळ्या-डोळ्याला लावत जायचं, दिवसभर. हातमोजे असतात, पण घामाने आतून ओले होतात, बोटाला फाटतात, आणि मुकादम ओरडत असतो उरका म्हणून कारण काम एकरी उक्तं घेतलंय. कातडीला लागलं की सालपटं निघतात, डोळ्यात गेलं तर विचारूच नका, आणि संध्याकाळी कुणी घोटभर घेतली तर तोंड लालबुंद, छाती धडधडते, दम लागतो, कारण ह्या औषधाचं आणि दारूचं अजिबात जमत नाही. पोरं लहान असली तर झोळी मांडवाच्या तारेलाच बांधलेली असते, दोन ओळी सोडून पेस्ट चालू. युरोपने ह्याच औषधाला २००८ मध्ये मान्यता नाकारली आणि त्यात मोठं कारण होतं हाताळणाऱ्याच्या तब्येतीचं. आमच्या द्राक्षाला मात्र अडचण नाही, घड तयार होईपर्यंत चार महिने गेलेले असतात, रेसिड्यूत ते येत नाही. माल पास.

आता तुम्ही म्हणाल ऑडिट असतं की. असतं. ग्लोबलगॅपचं, म्हणजे तिकडच्या खरेदीदारांना लागणाऱ्या शेतीच्या सर्टिफिकेटचं असतं, त्याला जोडून मजुरांबद्दलचं ग्रास्प पण असतं. ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी पॅकहाऊसवाल्यांचा माणूस येतो, फर्स्ट एडची पेटी टांगतो, बोर्ड लावतो, कोऱ्या रजिस्टरवर अंगठे घेऊन जातो. ऑडिटर भला माणूस असतो हो, पण तो मार्चमध्ये येतो आणि पेस्ट ऑक्टोबरात असते.

कंपनीने आपल्या सप्लायरकडच्या मजुरांचीही जबाबदारी घ्यावी असे तिकडे कायदे झालेत हे आम्हालाही कळतं. २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेच्या वर माणसं गेली आणि बरेच ब्रँड म्हणाले फॅक्टरी आमची नाही, तेव्हापासून हा विषय तापला. फ्रान्सने २०१७ ला कायदा केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू आहे, आधी ३००० कामगारांच्या वरच्या कंपन्यांना आणि २०२४ पासून १००० च्या वरच्यांना. युरोपचा सगळ्यांसाठीचा कायदा २०२४ ला पास झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची तारीख पुढे ढकलली, ते एक वेगळंच रडगाणं. पण जर्मन कायद्यात मेख अशी की कंपनीने मुख्यतः थेट सप्लायर बघायचा, त्याच्या खालच्याकडे ठोस माहिती हाती आली तरच बघायचं. सुपरमार्केटचा थेट सप्लायर म्हणजे तिकडचा इंपोर्टर, मग इकडचा एक्सपोर्टर, मग मी, मग मुकादम, मग टोळी. तक्रारीची सोय ठेवायची असं कायदा सांगतो, पण ती सोय गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभ्या असलेल्या बाईपर्यंत कोण पोचवणार? ते काम तुमच्या खात्याचं आहे साहेब, बर्लिनचं नाही.

आणि आपला कायदा बघा. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी केलेला, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी केंद्राचा नवा लेबर कोड आला, तोही तसाच. म्हणजे डांगचा माणूस ठेकेदाराबरोबर आला तर त्याच्यासाठी निदान कागद आहे, त्याच्या शेजारच्या सुरगाण्याच्या माणसाला नाही, कारण तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच फिरतोय!

आता भावाचं. टोळीला जास्त द्या, चांगलं घर द्या, सगळं बरोबर, पण पाचशे ग्रॅमच्या पनेटचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीचा, रेट तिकडचं सुपरमार्केट ठरवतं आणि वरून खाली सरकत सरकत तो माझ्यापर्यंत येतो. एकदा माझा माल पोचल्यावर क्वालिटीचं कारण सांगून किलोमागे कट लावला, फोटो मागितले तर आलेच नाहीत. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली त्याचाही भार शेवटी बागेवरच. मी पुण्यवान नाही, मला कट बसला की मी पण उक्त्याचा रेट ओढून धरतो, सगळेच धरतात. म्हणून नुसतं शेतकऱ्यावर इन्स्पेक्टर सोडून काही होणार नाही. आणि सीएसआरमधून आश्रमशाळेत दप्तरं वाटून तर नाहीच, नफा झाल्यावर काय वाटलं ते वेगळं आणि तो नफा कसा झाला ते वेगळं.

नवीन काही शोधायची पण गरज नाही. हमालांसाठी मंडळ करून मालकांकडून लेव्ही घेणारा माथाडीचा कायदा १९६९ चा आपलाच. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं ते पण आपल्याच सरकारने. मग एक्सपोर्टच्या द्राक्षपेटीमागे का नको? पेट्या मोजायची कटकटच नाही, प्लॉटपासून कंटेनरपर्यंत नोंद तयार आहे. फक्त हा पैसा एक्सपोर्टरने खरेदीदाराच्या बिलात वेगळा दाखवून वसूल करायचा, बागाईतदाराच्या पट्टीतून, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबातून, कापायचा नाही, हे नियमातच लिहा, नाहीतर पुढच्याच सीझनला तो आमच्याकडून कापला जाईल. आणि प्लॉटच्या नोंदीला टोळीची नोंद जोडा, नाव, काम, हजेरी, कुठलं औषध हाताळलं. ग्रेपनेट अपेडाचं म्हणजे केंद्राचं आहे, माहितीये, पण राज्याने मागितल्याशिवाय केंद्र स्वतःहून देणार नाही.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी नाशिकला कलेक्टर ऑफिसात एक मीटिंग लावा. एक्सपोर्टर येतील, आम्ही येऊ, पण मुकादमांच्या ऐवजी टोळीतल्या बायकांना बोलवा, त्यांच्या त्या दिवसाच्या हजेरीचे पैसे देऊन, आणि कोकणा ही त्यांची आदिवासी बोली समजणारं कुणीतरी तिथे ठेवा. तारीख कळवलीत तर न्यायला-आणायला गाडी आमच्या गावातून आम्ही करू.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक