दुखत नसलं तरी बघत जा

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा मी फारसं बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर पुन्हा क्रोमचाच विषय निघाला असता, आणि त्यावरून आपलं आधीच पुरेसं वाजलं होतं. नोकरी तू विचार करून घेतलीस, हे मला मान्य आहे. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमचा थर चढवायच्या, बाथचं रसायन सांभाळायला त्यांनी तुला निवडलं, याचा अभिमान तर आहेच. आत्याला फोन करून मीच आधी सांगितलं. एवढंच लिहायचं ठरवलं होतं.

पण टाकीवरचा एक्झॉस्ट नीट ओढतो ना गं?

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये बहुतेक वीज क्रोम चढवण्यात जातच नाही, हायड्रोजन सोडण्यात जाते. ते बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि आम्लाचे बारीक थेंब हवेत उडतात. तेच नाकात जातात. मधल्या पडद्यावर आधी खपली धरते, मग भोक पडतं, आणि पुष्कळदा ते दुखतसुद्धा नाही. मला भीती आहे ती त्याची. तू लहानपणापासून दुखलं तरी न सांगणारी. जे दुखतच नाही ते कधी सांगशील?

भाऊकाकांचं नाक श्वास घेताना शीळ घालायचं, आठवतं? तुम्ही मुलं नक्कल करायचात आणि तेही हसायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांवर खोल खड्डे होते, कडा उभ्या आणि कडक. त्यांच्या कारखान्यात पंखा बंद पडला तरी काम चालूच राहायचं. त्यांनीही कधी तक्रार केली नाही. नाक तपासलं गेलं तोवर पडदा आरपार झाला होता.

बघ, परत तिथेच आले. रागावू नकोस.

खरं तर क्रोमियमची गोडी तुला मीच लावली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात अल्कली घातली की पिवळं, आम्ल घातलं की परत नारिंगी. तू ते परत परत करायला लावायचीस. मग आम्लातच थोडं अल्कोहोल घालून गरम केलं की हळूहळू हिरवं व्हायचं, आणि ते मात्र परत नारिंगी होत नाही म्हणून तू हिरमुसायचीस. क्रोम ॲलमचा तो जांभळा, आठ बाजूंचा स्फटिक तू दोऱ्याला टांगून वाढवलास, तो अजून कपाटात आहे. बाबांनी एकदा आवरताना टाकायला काढला होता. मी परत ठेवला.

तो ट्रायव्हॅलंट, म्हणजे +३ अवस्थेतल्या क्रोमियमचा, म्हणून तुझ्या हाती दिला होता. कातडं कमावायला वापरतात ते बेसिक क्रोमियम सल्फेटही ट्रायव्हॅलंटच. हेक्झाव्हॅलंटचं, म्हणजे तुझ्या बाथमधल्या +६ अवस्थेतल्या क्रोमियमचं, तसं नाही. क्रोमेटची घडण सल्फेटसारखी, त्यामुळे पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते, आणि आत त्याचं क्षपण होताना डीएनएला इजा होते. त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९० मध्ये स्पष्ट नोंदवून ठेवलं आहे. ब्युरेट धुवायचं क्रोमिक मिश्रण मी नोकरीत असतानाच बंद करायला लावलं. त्यावरून सहकाऱ्यांशी खटके उडाले, पण ते करून घेतलं याचं समाधान आहे.

सांडपाण्याकडेही तूच बघणार, असं म्हणालीस. पीएच २ ते ३ वर आणून बायसल्फाइट घातलं की पिवळं हिरवं होतं, मग ८-९ पर्यंत वाढवून हायड्रॉक्साइड खाली बसवायचं. पण नुसतं हिरवं दिसलं म्हणून पाणी सोडू नकोस. आम्लात डायफेनिलकार्बाझाइड घालून बघ. जांभळट छटा आली तर हेक्झा शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे, आणि तुझ्या टाकीत लिटरला शेकडो ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. कुणी घाई केली तरी सही करू नकोस. माझी मुलगी ती करणार नाही, याची मला खात्री आहे.

झालं, लेक्चर झालं. माफ कर. हातमोजे, चष्मा हे तुला सांगायला नकोच, तू माझ्यापेक्षा काटेकोर आहेस. सजावटीच्या प्लेटिंगसाठी ट्रायव्हॅलंट बाथ निघाले आहेत. तुमच्याकडे कुणी त्याचा विचार केला आहे का, ते विचारून बघ. हार्ड क्रोमला, म्हणजे यंत्रांच्या भागांवरच्या जाड, कठीण थराला, अजून बहुतेक ठिकाणी हेक्झाच वापरतात, हे मला कळतं.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. रुजू होताना जी वैद्यकीय तपासणी होईल, तेव्हा डॉक्टरांना नाकाचा पडदा उजेड टाकून बघायला सांग आणि तशी नोंद करून घे. नंतर तुलना करायला ती लागेल. त्यांनी 'गरज नाही' म्हटलं तर आग्रह धर. आणि नोंद झाली की मला कळव. बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही. ते म्हणतील, तिला तिचं काम करू दे.

तुझी,
आई