युरोपावर यंत्र पाठवा, माणूस कॅलिस्टोवर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरूच्या युरोपा या चंद्रावर माणसांची वसाहत कशी असेल, याचे वर्णन आपल्या विज्ञान पुरवणीत वाचले. पारदर्शक घुमट, डोक्यावर गुरू, बर्फावर हिंडणारी माणसे. चित्र देखणे आहे, पण त्यातली माणसे त्याच दिवशी उलट्या करू लागतील.

युरोपाच्या पृष्ठभागावर किरणोत्साराची मात्रा दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम मोजायचे एकक) आहे. इतकी मात्रा थोड्या वेळात अंगावर पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी किंवा त्याहून अधिक माणसे काही आठवड्यांत दगावतात. काचेच्या घुमटाने हे थांबत नाही; डोक्यावर काही मीटर बर्फ हवा. नासाचे 'युरोपा क्लिपर' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले, ते २०३० मध्ये पोहोचेल. तेही युरोपाभोवती घिरट्या घालणार नाही. गुरूभोवतीच्या लांबट कक्षेतून ४९ वेळा जवळून जाईल आणि दर वेळी गुरूभोवतीच्या तीव्र किरणोत्साराच्या पट्ट्यातून बाहेर पडेल. यंत्राची ही गत, तर माणसाचे काय सांगावे!

युरोपाच्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र असावा, असे मानतात. लेखात 'बर्फाला भोक पाडून समुद्रात उतरू' असे एका वाक्यात उरकले आहे. खरी मेख तिथेच आहे. आपल्या जिल्ह्यात बोअर मारताना कॉम्प्रेसरची हवा चुरा वर फेकते, केसिंग घातले की भोक उघडे राहते. युरोपावर फुंकायला हवा नाही, आणि उणे १६० अंशाचा बर्फ दगडासारखा कठीण. म्हणून तापलेल्या टोकाने वितळवत खाली जायचे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या भोकात एका मीटरला ६५ किलो बर्फ येतो. तो वितळवायला सुमारे १० युनिट वीज लागते. आजूबाजूला झिरपणारी उष्णता वेगळीच. कवचाची जाडी २० किलोमीटर धरली, तर १० किलोवॅटच्या यंत्राला सव्वादोन वर्षे लागतील.

शिवाय पहिल्या काही मीटरांत बर्फ वितळतच नाही. निर्वातात त्याची थेट वाफ होते आणि त्याला पाचपट ऊर्जा खर्च होते. वरचे तोंड गोठून बंद झाले, आत दाब साठला, की मगच पाणी टिकते. पुढे बर्फातले न विरघळणारे कण टोकाखाली साचतात आणि उष्णता अडवतात. तो गाळ हटवायला गरम पाण्याचा फवारा लागतो. मागचे भोक गोठत जाते, त्यामुळे यंत्राला पृष्ठभागाशी जोडणारी केबल बर्फात चिणली जाते. गुरूच्या ओढीने कवच दर ८५ तासांनी ताणले आणि सैल होते; भेगेची एक बाजू सरकली की केबल तुटलीच. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर छोटी संदेशयंत्रे सोडत जावे लागेल.

ही सगळी कामे डोळ्यांत तेल घालून करायची आहेत, पण पृथ्वीवरून नुसता संदेश पोहोचायलाच साधारण ३५ ते ५२ मिनिटे जातात. म्हणून माणूस जवळ हवा, हे मान्य. मात्र तो गुरूच्याच कॅलिस्टो या दुसऱ्या चंद्रावर असावा. गुरूपासून जवळजवळ १९ लाख किलोमीटर दूर असल्याने तिथे पट्ट्यांचा मारा युरोपाच्या हजारो पट कमी आहे. नासाच्या २००३ च्या अभ्यासातही मानवी मोहिमेसाठी कॅलिस्टोच धरला होता. तिथून युरोपाला संदेश चार ते साडेआठ सेकंदांत जातो, मध्ये गुरू आडवा आला तेवढा वेळ सोडून. टप्प्याटप्प्याने सूचना देत यंत्र चालवायला एवढे पुरे. वैश्विक किरणांपासून आडोसा तिथेही लागेल, त्यासाठी बर्फमिश्रित माती पायाखालीच आहे.

युरोपीय अंतराळ संस्थेचे 'ज्यूस' यान २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचेल. ते युरोपाजवळून दोनदा आणि कॅलिस्टोजवळून २१ वेळा जाणार आहे. त्या सुमारास तरी पुरवणीत कॅलिस्टोवर एक पान यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर