पावती आधी, गाणं मागून

एल्सबरी, इंग्लंड
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. आण्णा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगुळाचा डबा पोहोचला. वड्या फुटल्या नाहीत, एकीचा तेवढा कोपरा गेला. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. या तिन्हींची काळजी आईने सोडून द्यावी. पुढच्या फोनला तिच्या गुडघ्याचं बोलू, माझं नको.

हे पत्र आण्णांसाठी. मी इथे न झालेल्या गाण्याला पैसे भरतो हे आक्काने सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "न उगवलेल्या उसाची उचल ऐकली होती, न गायलेल्या गाण्याची पहिल्यांदाच ऐकतोय." आणि वर, "सत्तरीला टेकलेली माणसं आता काय नवं करणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर गडबडीत मी नीट बोललो नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी पैसे भरतो तो मॅरिलियन हा रॉक बँड याच एल्सबरीतला, १९७९ पासूनचा. आताचे पाचही जण १९८९ पासून एकत्र आहेत. ड्रमवाला १९५३ चा, गायक १९५६ चा, गिटार आणि बेस वाजवणारे दोघे १९५९ चे, कीबोर्डवाला १९६१ चा. १९९४ साली त्यांनी 'ब्रेव्ह' नावाचा सत्तर मिनिटांचा अल्बम केला. सेव्हर्न नदीच्या पुलावर एक मुलगी सापडली, ती कोणाशी बोलत नव्हती, एवढ्या एका बातमीवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. फ्रान्समधल्या एका जुन्या गढीत राहून त्यांनी ते काम केलं. जितका खपायला हवा तितका तो खपला नाही. त्यानंतर १९९५ ला आणखी एक अल्बम झाला आणि रेकॉर्ड कंपनीशी त्यांचं नातं संपलं. पण ऐकणाऱ्यांच्या मनातून 'ब्रेव्ह' गेला नाही. आता या माणसांनी तसं एक मोठं, अखंड काम पुन्हा करावं, ही इथल्या चाहत्यांची आस आहे. माझीही आहे.

आता ते आगाऊ पैशांचं. इथे आल्यावर मला सगळ्यात उशिरा समजलेली रीत हीच, म्हणून जरा लांबण लावतो.

जुनी पद्धत तुम्हाला मार्केट यार्डातली अडत आठवली की लगेच कळेल. कंपनी बँडला उचल द्यायची. त्या पैशात स्टुडिओचं भाडं, ध्वनिमुद्रण करणारे, चार-सहा महिन्यांचं खाणंपिणं. मग विक्री सुरू झाली की बँडच्या वाट्यातून आधी उचल वळती. ती फिटेपर्यंत हातात काही नाही, आणि फिटली तरी मूळ मुद्रणाची मालकी बहुधा कंपनीचीच. अडत्याची उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्या पेढीवर गूळ लावू शकत नाही, तसंच. शिवाय रेडिओवर वाजेल असं चार मिनिटांचं गाणं दे, हा तगादा. सतरा-अठरा मिनिटांची रचना अशा उचलीतून निघणं अवघड.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या चाहत्यांनी आपणहून वर्गणी काढली. दौरा बँडला परवडत नव्हता, म्हणून सुमारे ६०,००० डॉलर जमवले. बँडने मागितले नव्हते. त्यातून बँडने धडा घेतला आणि काही वर्षांनी एक अल्बम करण्याआधी थेट चाहत्यांनाच विचारलं, की एक सूरही मुद्रित होण्याआधी तो विकत घ्याल का? १२,००० हून जास्त लोकांनी पैसे भरले. तो अल्बम २००१ ला आला. २००४ च्या दोन तबकड्यांच्या 'मार्बल्स'लाही तसंच, आणि त्यात पैसे भरणाऱ्यांची नावं पुस्तिकेत छापली. अठरा मिनिटांचं एक गाणं त्याच अल्बमात आहे. रेडिओला ते चालणार नव्हतं, पैसे भरणाऱ्यांना चालणार होतं.

होतं कसं ते सांगतो. बँड जाहीर करतो की काम सुरू आहे. कधी अल्बमचं नावही ठरलेलं नसतं. एक तारीख दिलेली असते, त्या तारखेपर्यंत पैसे भरले तर पुस्तिकेत नाव. अर्जात एक रकाना असतो, त्यात नाव जसं छापून हवं तसं लिहायचं. पैसे गेल्यावर फक्त पोच येते. मग वाट बघायची, सहा महिने, वर्ष, कधी दीड. मध्ये एखादं पत्र येतं, की उशीर होतोय. कोणी रागावत नाही. हेच मला आधी उमगत नव्हतं. आपल्या मंडळाच्या वर्गणीत पावती फाडणारा दारात उभा असतो, मांडव डोळ्यांसमोर पडतो, मूर्ती येते. इथे मांडव दिसत नाही, मागणाराही दिसत नाही, नुसता शब्द. तरी लोक भरतात, कारण मागचा शब्द पाळलेला असतो. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरच्या फरशीत देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच त्या पुस्तिकेचं. फरक इतकाच की इथे फरशी आधी आणि पायरी मागून.

यात बुडण्याची भीती आहे का? आहे. चाहत्यांचे पैसे मध्ये ठेवून घेणारी अशी एक मोठी कंपनी २०१९ ला बुडाली आणि कित्येक कलाकारांचे पैसे अडकले. म्हणून मी मधल्या कोणाकडे भरत नाही, बँडच्या स्वतःच्या दुकानातच भरतो. एवढी खबरदारी मी घेतो, आण्णा.

आता दुसरा प्रश्न, वयाचा. याचं उत्तर तुमच्या गुऱ्हाळातच आहे.

हे पाच जण कागदावर लिहून गाणं करत नाहीत. स्टुडिओत बसतात आणि नुसतं वाजवतात, तास न् तास, आणि सगळं मुद्रित होत राहतं. त्यातलं बहुतेक टाकाऊ. मग निर्माता एकटा बसून ते सगळं ऐकतो आणि कुठे वीस सेकंद, कुठे दोन मिनिटं अशा खुणा करतो. ते तुकडे बँडला परत ऐकवले जातात आणि स्वतःच सहज वाजवलेलं त्यांना शिकून घ्यावं लागतं. काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढत राहायची, तेच काम. जितकी मळी निघेल तितका गूळ पिवळा.

खरी अडचण जोडणीत. एक तुकडा मिनिटाला ९२ ठोक्यांचा आणि दुसरा १०४ चा असला तर सरळ जोडता येत नाहीत, कानाला ठेच लागते. मग तीन वाटा. एकाची लय बदलून पुन्हा वाजवायचा, पण मग मूळची मजा बहुतेक वेळा जाते. किंवा दोन्हींच्या मध्ये लांब सूर धरून ठोका विसरायला लावायचा. नाहीतर ड्रमवाल्याने आठ-दहा आवर्तनांत हळूहळू लय चढवायची. तिसरी वाट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर, आणि ती तरुण ड्रमवाल्याला क्वचित जमते, कारण त्याला घाई असते. पट्टीचंही तसंच. पहिल्या तुकड्यातली एखादी छोटी सुरावट चाळिसाव्या मिनिटाला वेगळ्या पट्टीत परत आली की ऐकणारा दचकतो, सम सापडल्यासारखा. नुसती लांब गाणी एकापुढे एक लावली म्हणजे मोठं काम होत नाही. परत येणारं काहीतरी हवं.

आणि थांबायचं कुठे, हे सगळ्यात मोठं. सीडीवर ऐंशी मिनिटं मावतात म्हणून ऐंशी भरायची, हा मोह भल्याभल्यांना नडला आहे. माझं मत पक्कं आहे, पन्नास मिनिटांचं घट्ट काम पंचाहत्तर मिनिटांच्या सैल कामापेक्षा कधीही मोठं. त्यांचाच १९८५ चा एक नंबरला गेलेला अल्बम 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड' जेमतेम एक्केचाळीस मिनिटांचा आहे. गुळव्या काहील कधी उतरवायची हे घड्याळ बघून ठरवत नाही. पाण्यात गोळी टाकून बघतो. एक मिनिट आधी उतरली तर गूळ पाझरतो, एक मिनिट उशीर झाला तर करपतो. हा अंदाज तुम्हाला विसाव्या वर्षी होता का? तुम्हीच सांगा.

वयाने काय जातं हे मलाही दिसतं. गळ्याचे वरचे सूर जातात, मनगट लवकर थकतं. पण ते मंचावर जास्त नडतं, तिथे दोन तास सलग गायचं असतं. स्टुडिओत गायक दिवसाला दोन तास गातो, ओळ ओळ घेतो, आणि पट्टी आज जिथे गळा बसतो तिथे आधीच धरता येते. म्हणजे दौऱ्यापेक्षा मोठं ध्वनिमुद्रणच उतारवयाला जास्त मानवणारं. अडतो तो पैसा, कारण दौरा पैसे देतो आणि स्टुडिओतले महिने खातात. म्हणून आधी पावती. २०२२ चा त्यांचा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, तेव्हा गायक पासष्टीत होता. आपल्या भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरीत कसे गायचे ते तुम्हीच आम्हाला ऐकवलंत. तिथे कोणी विचारलं नाही, आता काय नवं करणार म्हणून.

एक गोष्ट मात्र तुम्हाला हातात धरून दाखवायला हवी होती. 'ब्रेव्ह'च्या जुन्या काळ्या तबकडीची शेवटची बाजू. तिच्यावर एक नाही, दोन खाचा आहेत, दोरीला दोन पदर असावेत तशा एकीच्या शेजारी एक वळत जाणाऱ्या. सुई कुठल्या खाचेत पडेल हे ठेवणाऱ्यालाही माहीत नसतं. एकीत गोष्ट आशेवर संपते, दुसरीत पाण्याच्या आवाजात. त्यासाठी किंमत मोजावी लागते. दोन खाचा एकाच जागेत बसवायच्या म्हणजे प्रत्येकीला निम्मीच जागा, म्हणून बाजू छोटी ठेवावी लागते.

एरवीही बारा इंची तबकडीची एक बाजू बावीस मिनिटांच्या वर नेली की खाचा जवळ घ्याव्या लागतात, आणि खर्जाला रुंद खाच लागते, म्हणून सगळा आवाजच खाली आणावा लागतो. शिवाय सुई मधल्या भोकाकडे जाईल तसा एका फेऱ्यातला रस्ता कमी होत जातो आणि बारीक सूर खरखरतात. मोठ्या रचनेचा कळस नेमका शेवटी येतो, म्हणजे तबकडीवरच्या सगळ्यात वाईट जागी. म्हणून जाणकार चाहते आत्तापासून म्हणतात की नवं काम दोन तबकड्यांवर घ्या, बाजू सोळा-सतरा मिनिटांची ठेवा. छापण्याआधी नमुन्याची तबकडी येते, ती कोणीतरी शांतपणे पूर्ण ऐकायलाच हवी. भोक जरा जरी सरकलेलं असलं तरी पियानोचा लांब सूर डोलतो, आणि हजार प्रती निघाल्यावर ते कळून उपयोग नाही.

आई, हे सगळं तुला कंटाळवाणं वाटलं असेल. तू विचारलंस की ही लांब केसांची माणसं कसली संगत. मैफलीला येणारे बहुतेक माझ्यापेक्षा वीस-तीस वर्षांनी मोठे असतात, बरेच जण नातवंडं असलेले. वाईट संगत नाही.

आता कामाचं. सोसायटीचा हप्ता परवा पाठवला. जमा झाला का ते दादाला बघायला सांगा. नवी काहील घ्यायची तर घ्या, तळ झिजलेल्या काहिलीवर हा हंगाम काढू नका. ते पैसे मी मार्चमध्ये वेगळे पाठवतो, लग्नाच्या पैशात ते धरू नका. कार्यालयाची आगाऊ रक्कम भरून टाका, मे महिन्याच्या तारखा राहत नाहीत. धाकटीच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा मागितली होती, मिळाली नाही, आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही. आई, तू सांगू नकोस, मीच सांगेन. लग्नाला दहा दिवस आधी येतो, तिकीट काढलं आहे. कागलच्या स्थळाचं, फोटो बघितला. मुलगी चांगली आहे. पण मी परत कधी येणार हे त्यांना खरं सांगा, दोन वर्षं म्हणू नका. मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्यांना अंधारात ठेवून होकार नको.

आणि आण्णा, पुढच्या अल्बमची नोंदणी उघडली की मी चाळीस पौंड भरणार आहे, आपल्याकडचे साडेचार-पाच हजार. घरखर्चातून नाही, मी बसऐवजी चालत जाऊन ते बाजूला ठेवले आहेत. नावाच्या रकान्यात तुमचं नाव घालायचं ठरवलंय. आधार कार्डावर इंग्रजीत कसं आहे ते दादाकडून लिहून पाठवा. पुस्तिकेत एकदा छापलं की दुरुस्त होत नाही.

तुमचा
बाळ