इस्त्रीवाल्या काकांना, पोरींच्या टी-शर्टांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. "असू द्या की ओ," म्हणून तुम्ही पुढच्या कपड्याला हात घालता. म्हणून लिहिते. आमच्या गल्लीतल्या पोरी पाठीवर स्वतःचं नाव घेऊन खो-खोच्या मैदानात उतरल्या, त्या तुमच्यामुळं. ते आठवलं की अजून गळा दाटून येतो.

यातल्या बहुतेकींच्या आया शिलाईला जातात. सोलापूरचे गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांत जातात, आखातातही जातात. दुसऱ्यांच्या लेकरांचे शर्ट शिवण्यात ज्यांचा दिवस सरतो, त्यांच्या लेकींना स्वतःच्या नावाचा शर्ट कधी मिळाला नव्हता. पांढरा सुती टी-शर्ट, पाठीवर मोठं नाव आणि नंबर, छातीवर छोटं नाव. मागणं एवढंच होतं.

त्यासाठी किती दुकानांच्या पायऱ्या चढलो! स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी नाही म्हटलं ते मला पटतं. प्रत्येक नावाला वेगळी फ्रेम करायची म्हणजे एकेका शर्टासाठी ते त्यांना परवडणार कसं? पण आगाऊ पैसे घेऊन "ट्रान्सफर पेपरवर करून देतो" म्हणालेल्या त्या दुकानदाराचा राग अजून जात नाही. या कागदावरची छपाई तावानं कापडावर उतरते. पांढऱ्या कापडासाठीचा कागद पालथा ठेवून दाबतात, म्हणून त्यावर अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी छापावी लागतात. रोज हेच काम करणाऱ्यानं सगळी नावं सरळ छापली. पहिलाच शर्ट दाबला आणि आमच्या सगळ्यात धाकटीचं नाव पाठीवर उलटं उमटलं. वर आम्हालाच म्हणाला, "आधी सांगायचं नाही का?" उरलेले कागद हातात कोंबले. पोर तिथंच रडायला लागली, त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

शेजारच्यांच्या इंकजेट प्रिंटरवर नवे कागद काढले. पण घरची इस्त्री हलकी, तिच्या तळाला वाफेची भोकं. भोकाखाली ताव बसत नाही, तिथली अक्षरं धरत नाहीत. तेव्हा कुणीतरी तुमच्या कोळशाच्या इस्त्रीचं नाव काढलं.

आलो ते नेमके गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत. देवाच्या लग्नाच्या अक्षता तोंडावर आलेल्या, आणि तुमच्या फळीवर यात्रेतले उंच नंदीध्वज धरणाऱ्यांच्या बाराबंद्यांची, त्या पांढऱ्या बंदांच्या अंगरख्यांची चळत. तुम्ही नाही म्हणाला असतात तर कुणीही तुम्हाला बोल लावला नसता. तुम्ही काय केलंत, तर कागदांच्या पाकिटावर लिहिलेलं सगळं मला मोठ्यानं वाचायला लावलंत. बूड टणक हवं म्हटल्यावर फळीवरची घडीची चादर काढून एकच पातळ कापड अंथरलंत. ओल राहू नये म्हणून कोरा शर्ट आधी नुसता दाबून घेतलात. असा कागद तुम्ही तोवर कधी हाताळला नव्हता, पण त्या दुकानदारापेक्षा तुम्हाला तो लवकर कळला.

आणि मग ते. खुंटीवरचा स्वतःचा पांढरा शर्ट काढलात आणि म्हणालात, "आधी माझ्यावर बघू की. बिघडलं तर माझं बिघडंल, पोरींचं कशाला?" दुकानदारानं वाया घालवलेल्या कागदांतून धाकटीचं छातीवरचं नाव उचललंत, शर्टाच्या मागच्या घेरावर ठेवलंत, इस्त्रीवर सगळा भार दिलात. मग कागदाचं टोक जरासं सोडवून तिच्या बोटांत दिलंत: "ओढ. दमानं." तिनं ओढलं. नाव उलटंच, पण अक्षर न अक्षर कापडाला धरलेलं. दुकानात रडलेली पोर तुमच्याकडं बघून हसली. त्यानंतरचे सगळे शर्ट नीट निघाले, पण माझं मन त्या पहिल्या शर्टापाशीच घुटमळतं. तो काही तुमचा जुनापाना शर्ट नव्हता, काका. मी बघितलंय, त्याची कॉलर कडक होती.

आपल्याकडं पैसेवाला माणूस देणगी देतो तेव्हा फलक लागतो. ज्याचं पोट हातावर आहे तो स्वतःचा चांगला शर्ट पुढं करतो, तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. असली माणसं या गावात गल्लोगल्ली आहेत, आणि गरिबाच्या लेकरांचं बरंचसं त्यांच्याच जोरावर चाललंय असं मला वाटतं. कुठं चौकातला पंक्चरवाला, कुठं शाळेतल्या शिपाईमावशी. त्यांना कोण पत्र लिहितं?

पैसे काढले तर तुम्ही हात मागं घेतलात, "बाराबंद्यांचे मिळतात की." ठीक आहे, त्यावर मी वाद घालत नाही. शर्ट आम्ही उलटे करून गार पाण्यात धुतो, नावांवरून इस्त्री फिरवत नाही. एकाही अक्षराची कड सुटलेली नाही, हे तुम्हाला कळायला हवं.

रविवारी संध्याकाळी सामना आहे. तुमचं दुकान तेव्हा बंद असतं, हे पोरींनी आधीच काढून ठेवलंय. त्या तुम्हाला न्यायला येणार आहेत. नाही म्हणू नका, आणि तोच शर्ट घालून या.

आपली,
खो-खोच्या पोरींपैकी एकीची आई