ताटासोबत पत्रक नको

मा. संपादक,

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांसमोर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाटू इच्छिणाऱ्या चर्चच्या तरुण मंडळांनी आधी वार आपसांत वाटून घ्यावेत. रविवारची उपासना आटोपली की सगळेच निघतात. बुधवारी रात्री मात्र गडचिरोलीहून आलेला माणूस बिस्किटावर झोपतो. १० किलो तांदूळ आणि ४ किलो मूगडाळीची खिचडी साधारण सव्वाशे जणांना पुरते. एप्रिलच्या उन्हात कांदा-बटाटा घालू नये, लवकर आंबते. गरम खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, वाफ कोंडून ती खराब होते. स्टीलच्या डब्यातून गरमच वाढावी आणि २ तासांत संपवावी. जुलाब-उन्हाच्या त्रासासाठी ओआरएस (क्षार-साखरेची पावडर) देत असाल तर तिचे मोठे पाकीट अख्खे १ लिटर पाण्यातच घालावे. ग्लासभर पाण्यातले घट्ट मिश्रण लहान बाळाला घातक ठरते.

ताटासोबत धर्मप्रचाराचे पत्रक मुळीच देऊ नये. भुकेल्याला नाही म्हणता येत नाही, हे ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांना तरी कळायला हवे. प्रार्थना त्याने मागितली तरच करावी.

खरी गरज सोबतीची असते. मोफत उपचारांच्या सरकारी जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स काढून देणारा, रक्तपेढीच्या रांगेत उभा राहणारा एक माणूस प्रत्येक मंडळाने रोज द्यावा.

– एक वाचक, सदर, नागपूर