जोडीची प्रत असली तरी सेवा बंद का पडते?

महोदय,

पावसाळा जवळ आला की वीज खाते तारांवर आलेल्या फांद्या छाटते, पंचायती गटारे उपसतात; मात्र दाखल्यांपासून जमिनीच्या नोंदींपर्यंतची आपली कामे ज्या नेटवर्कवर चालतात, त्याचीही अशीच पूर्वतपासणी व्हावी, असा आग्रह कोणी धरताना दिसत नाही. नेटवर्क सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

माहितीला वाट दाखवणारा राउटर, नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल ही पूर्वी स्वतंत्र यंत्रे असत. २०१२ साली ‘एत्सी’ या युरोपीय मानक संस्थेत दूरसंचार कंपन्या एकत्र आल्या आणि हीच कामे साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवण्याची पद्धत रुजू लागली. तिच्यामुळे एक सर्व्हर बंद पडल्यास काम दुसऱ्यावर हलवता येते, पण त्यासाठीची तजवीज आधीच करावी लागते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी फायरवॉल-सॉफ्टवेअरच्या दोन प्रती होत्या, एक मुख्य आणि ती बंद पडल्यास काम सांभाळणारी दुसरी राखीव; कागदोपत्री सारे चोख होते. परंतु त्या वेगवेगळ्या सर्व्हरवरच राहाव्यात, हा नियम प्रणालीत कोणी घातलाच नव्हता. एका रीस्टार्टनंतर जागा मिळाली तशा दोन्ही प्रती एकाच सर्व्हरवर सुरू झाल्या आणि त्याचा पॉवर सप्लाय जळताच दोन्ही एकदम बंद पडल्या.

दुसरी बाब याहून नाजूक आहे. चालू जोडण्यांची नोंद राखीव प्रतीकडे सतत पोहोचत नसेल, तर ती प्रत सुरू होऊनही सर्वांच्या जोडण्या तुटतात आणि सगळे एकाच वेळी पुन्हा जोडू पाहतात. जपानच्या ‘केडीडीआय’ या मोबाइल कंपनीत जुलै २०२२ मध्ये देखभालीच्या वेळी राउटरमध्ये बिघाड झाला, त्यानंतर नेटवर्कवर फोनच्या पुनर्नोंदणीचा असाच लोंढा आला आणि सेवा ६० तासांहून अधिक काळ विस्कळीत राहिली.

१९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळल्यावर काय हाल झाले, हे पणजी-पर्वरीच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. नेटवर्कचे दोन मार्ग नकाशावर वेगळे दिसले, तरी दोन्ही केबल एकाच पुलावरून वा एकाच चरातून जात असतील, तर तो एकच मार्ग समजला पाहिजे.

म्हणून सरकारने सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांशी करार करताना प्रती वेगळ्या सर्व्हरवर आणि वेगळ्या वीजजोडणीवर ठेवण्याची अट घालावी. तसेच दरवर्षी मे महिन्यात मुख्य प्रत मुद्दाम बंद करून राखीव प्रत किती सेकंदांत काम हाती घेते, याची चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल जाहीर करावा.

— एक नेटवर्क अभियंता, म्हापसा